लिहिणाऱ्याने केळी लावली आहे का कधी? : शब्दांविषयी वाचकांचे प्रश्न

या वेळच्या टपालात शब्दांविषयीची पत्रे जास्त निघाली. विषय वेगवेगळे, पण रोख बहुतेकांचा एकच : मजकूर बरोबर आहे, तरी वाचणाऱ्याचा विश्वास का बसत नाही? काहींनी नाव छापू नका म्हटले आहे, म्हणून सगळ्यांचीच फक्त गावे दिली आहेत. पत्रे थोडी आटोपशीर केली आहेत.

रावेर : आमच्या केळी उत्पादक गटासाठी सोळा पानांची पुस्तिका काढली. छापील मजकुराला वजन असावे म्हणून भाषा मुद्दाम भारदस्त ठेवली. ‘कदली लागवड’, ‘अन्नद्रव्य व्यवस्थापन’, ‘रोगग्रस्त वनस्पतींचे निर्मूलन’ असे शब्द वापरले. शेतकरी दुसरे पानही उलटत नाहीत. एकाने तर विचारले, “लिहिणाऱ्याने केळी लावली आहे का कधी?” चूक कुठे झाली?

त्या शेतकऱ्याने नेमके बोट ठेवले आहे. रावेर-यावल पट्ट्यातला माणूस लागवडीच्या हंगामाला मृगबाग आणि कांदेबाग म्हणतो, कंदातून फुटणाऱ्या नव्या रोपाला पील म्हणतो, भाव विचारताना मालाचा प्रकार सांगायला नवती, पिलबाग, वापसी म्हणतो. हे शब्द त्याला ओळखपत्रासारखे असतात. पहिल्या परिच्छेदात ते दिसले नाहीत की लिहिणारा बागेत उतरलेला नाही, असे तो धरून चालतो, आणि मग पुढचे खरेही त्याला ऐकीव वाटते. ‘कदली’ पोथीत शोभते. तुमच्या गावात केळीचा ट्रक भरतात, कदलीचा नाही.

पण अनोळखी वाटण्यापेक्षाही मोठा तोटा आहे, तो कामाचा. तुमच्या पुस्तिकेतले एक वाक्य घेऊ : ‘विषाणूजन्य रोगग्रस्त वनस्पतींचे निर्मूलन करून त्यांची योग्य विल्हेवाट लावण्यात यावी.’ आता हे वाचून उद्या सकाळी काय करायचे? ‘निर्मूलन’ वाचून एक जण कोयत्याने झाड कापतो. कंद जमिनीतच राहतो आणि त्यातून निघणारे पील रोग घेऊनच वर येते. ‘योग्य विल्हेवाट’ म्हणजे बांधावर टाकणे असे दुसरा समजतो, आणि त्या झाडावरचा मावा शेजारच्या बागेत जातो. दोघांनीही तुमचे ऐकलेच आहे! तेच असे लिहून पाहा :

‘हरण्या दिसलेले झाड कंदासकट उपटा. बांधावर टाकू नका, खड्ड्यात गाडा. केळीला लागून काकडी, भोपळा, मिरची, वांगी, टोमॅटो लावू नका. या पिकांवरचा मावा हा रोग केळीवर आणतो.’

‘हरण्या’ हा तुमच्याकडचा शब्द पहिला आला पाहिजे. त्याच्यामागे एकदाच लिहा की हा कुकुंबर मोझॅक विषाणूचा रोग, ज्याला कृषी केंद्रात सीएमव्ही म्हणतात. पुढे सगळीकडे हरण्याच. शास्त्रीय नाव गाळू मात्र नका. दुकानात किंवा कृषी विज्ञान केंद्रात विचारायला गेल्यावर तेच नाव लागते.

दुसरी जागा खतांची आहे आणि ती जास्त धोक्याची. तुम्ही शिफारस ‘झाडामागे २०० ग्रॅम नत्र’ अशी छापली आहे. नत्र हे पोत्यावरचे नाव नाही. पोत्यावर युरिया लिहिलेले असते. युरियात नत्र ४६ टक्के. म्हणजे २०० ग्रॅम नत्रासाठी सुमारे ४३५ ग्रॅम युरिया लागतो. वाचकाने नत्र म्हणजेच युरिया समजून २०० ग्रॅम युरिया मोजला, तर झाडाला नत्र मिळाले ९२ ग्रॅम, निम्म्याहूनही कमी. पालाशाचेही तेच. म्युरेट ऑफ पोटॅशमध्ये पालाश ६० टक्के, म्हणून २०० ग्रॅम पालाशाला सुमारे ३३३ ग्रॅम खत. झाड बारीक राहिले, घड हलका निघाला की तो माणूस म्हणणार, पुस्तिका खोटी. तेव्हा नत्र-पालाश एका ओळीत, त्याखालच्या ओळीत पोत्यावरचे नाव आणि ग्रॅम, आणि किती हप्त्यांत द्यायचे ते, असा तक्ता करा. माती परीक्षणानुसार प्रमाण बदलते, हेही तक्त्याच्या खालीच लिहा, प्रस्तावनेत नको. प्रस्तावना कोणी वाचत नाही. ‘भरपूर पाणी’ हा शब्दही काढा. त्याजागी बागेचा कितवा महिना आणि ठिबकने झाडाला रोज किती लिटर, ते हवे.

छापण्यापूर्वी एक पान पाच बागायतदारांना द्या. ‘समजले का?’ असे विचारू नका, सगळे हो म्हणतात. ‘उद्या काय कराल?’ असे विचारा. दोघांची उत्तरे वेगळी आली तर ते वाक्य पुन्हा लिहायचे. पुस्तिका सोलापूरकडे जाणार असेल तर ‘पील’ या शब्दाला पहिल्या ठिकाणी चार शब्दांचा खुलासा जोडा. तिकडे मुनवा म्हणतात.

चाळीसगाव : लेखात ‘मोबाईल’ लिहावे की ‘भ्रमणध्वनी’?

मोबाईल. नवा मराठी शब्द मुळातच खोटा असतो असे नाही. ‘दिनांक’ आणि ‘महापौर’ हे सावरकरांनी घडवलेले शब्द आज कोणाला घडवलेले वाटत नाहीत, कारण लोकांनी ते उचलले. ‘भ्रमणध्वनी’ लग्नपत्रिकेच्या तळाशीच राहिला. तुम्ही भावाला फोनवर जो शब्द म्हणाल तो लिहा, आणि एका लेखात एकच ठेवा. वर मोबाईल, खाली भ्रमणध्वनी असे झाले की दोन वेगळ्या माणसांनी लिहिल्यासारखे दिसते.

अमळनेर : माझ्या कथेतली पात्रे अहिराणी बोलतात. बाहेरच्या वाचकाला कळावे म्हणून संवादात ‘शे’, ‘भो’ एवढेच ठेवले, बाकी प्रमाण मराठी. आमच्याकडचे वाचक म्हणतात, खोटे वाटते. अहिराणी किती ठेवू?

किती हा प्रश्नच जरा बाजूला ठेवा. ‘तो घरात शे’ असे अख्ख्या खान्देशात कोणी बोलत नाही. ‘तो घरमा शे’ म्हणतात. ‘रामचा पोरगा शे’ नाही, ‘रामना पोऱ्या शे’. ‘मला’ नाही, ‘माले’. म्हणजे ‘शे’ आला की त्याच्याबरोबर मा, ना-नी-नं आणि ले येतातच. ते एकाच घरातले आहेत. ‘शे’ ही काही कोथिंबीर नाही वरून भुरभुरायला. ग्रिअर्सन या भाषाभ्यासकाच्या भारतीय भाषा पाहणीत खान्देशी, म्हणजे अहिराणी, ही मराठीच्या खंडात नाही. १९०७ च्या खंडात ती भिल्ली भाषांबरोबर घेतली आहे. ते वर्गीकरण पटो न पटो, तिचे व्याकरण वेगळे चालते एवढे त्यावरून लक्षात घ्यावे.

म्हणून दोन वाटा सचोटीच्या. एक, पात्राचे वाक्य पूर्ण अहिराणीत, पण छोटे. दुसरी, संवाद सरळ प्रमाण मराठीत आणि त्यात खान्देशातल्या वस्तू-व्यवहारांचे शब्द : वावर, सालदार, आखाजी, कानबाई. तुम्ही धरलेली तिसरी, अर्धी-अर्धी वाट दोन्हीकडच्या वाचकांना दुरावते. इथल्याला ती नक्कल वाटते, बाहेरच्याला नुसता ठसका.

पूर्ण वाक्य ठेवले तर कळण्याचे काय? अर्थ कंसात देऊ नका, पुढच्या वाक्यात सोडा. असे :

‘“आखाजीले सालदार काम सोडी गया.” आजपासून नवा गडी ठरेपर्यंत गुरांचे वैरणपाणी मालकालाच करावे लागणार होते.’

पुण्यातल्या वाचकाला आखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया हे कदाचित कळणार नाही, पण सालाच्या गड्याने त्या दिवशी काम सोडले, एवढे पोचते. कथेला तेवढे पुरे.

बोली कुठली, तेही पक्के करा. बहिणाबाई चौधरींना सर्रास अहिराणी कवयित्री म्हटले जाते. त्यांची बोली आसोदे-जळगावकडची लेवा. फैजपूरच्या लेवा घरातली आजी तुमच्या कथेत ‘मन्हा’, ‘तुन्हा’ म्हणू लागली की तिकडचा वाचक तिथेच थांबतो. जामनेर-बोदवडकडे तावडी. ज्या गावचे पात्र, त्या गावच्या माणसाकडून संवाद मोठ्याने वाचून घ्या. तो जिथे अडखळेल किंवा नकळत बदलून वाचेल, तिथे त्याचे वाचणे ठेवा.

आणखी एक गोष्ट कथेत दिसली. तुमच्याकडे अहिराणी बोलतात ते फक्त सालदार आणि भांडी घासणारी बाई. डॉक्टर, मास्तर, सरपंच सगळे प्रमाण बोलतात, तेही स्वतःच्या ओट्यावर बसून! वाचक हे बरोबर टिपतो, आणि मग लेखिका आपल्याकडे कुठून बघते आहे याचा अंदाज बांधतो. वर्गात प्रमाण बोलणारा मास्तर दारात पाय ठेवताच अहिराणीवर येतो. ते दाखवलेत तर मास्तरही खरा होईल.

लेखनाचे म्हणाल तर ‘ऱ्हायना’ लिहा किंवा ‘राह्यना’, पण शेवटपर्यंत एकच. वारंवार येणाऱ्या वीस-पंचवीस रूपांची यादी समोर चिकटवून ठेवा.

धुळे : जमिनीच्या कागदपत्रांवर शेतकऱ्यांसाठी लिहितो. संपादकांनी माझे ‘सदर’, ‘उपरोक्त’, ‘करण्यात यावे’ काढले. ठीक. पण ‘फेरफार’चे ‘बदल नोंद’ आणि ‘भोगवटादार’चे ‘मालक’ केले. सोपे म्हणून हे योग्य का?

पहिले योग्य, दुसरे चूक.

‘सदर’ वाचले की डोळा मागच्या ओळीत काय होते ते शोधायला जातो. ‘करण्यात येईल’ या रचनेत करणाराच गायब असतो. ‘अर्जावर कार्यवाही करण्यात येईल’ यातून शेतकऱ्याला एवढेच कळते की कोणाला विचारायचे ते कळू द्यायचे नाही. ‘नोंद तलाठी घेतील, ती मंडळ अधिकारी मंजूर करतील’ असे लिहिले की दोन माणसे आणि दोन टप्पे उभे राहतात. तलाठ्यांचे पदनाम २०२४ मध्ये ग्राम महसूल अधिकारी झाले. पहिल्यांदा ‘ग्राम महसूल अधिकारी, म्हणजे आपले तलाठी’ आणि पुढे तलाठी, असे चालेल.

‘फेरफार’ची गोष्ट निराळी. तो कागदाचा शब्द आहे, गाव नमुना ६. सातबारा म्हणजे नमुना ७ आणि १२, खातेउतारा म्हणजे ८-अ. कार्यालयात जाऊन ‘बदल नोंद द्या’ म्हणणाऱ्या माणसाला हमखास दुसऱ्या टेबलाकडे पाठवतात. जो शब्द त्याला तिथे उच्चारावा लागणार आहे तो लेखात तसाच हवा. सोपा करायचा तो खुलासा : ‘जमीन विकली, वाटणी झाली, वारस लागले की जी नोंद होते तिला फेरफार म्हणतात.’

‘भोगवटादार’ म्हणजे सातबाऱ्यावर जमिनीचा धारक म्हणून नाव असलेला. त्याचे ‘मालक’ तर मुळीच नको. भोगवटादार वर्ग २ ची जमीन सक्षम अधिकाऱ्याच्या परवानगीशिवाय विकता येत नाही. तुमच्या लेखात ‘मालक’ वाचून कोणी इसार देऊन बसला तर? त्याच चालीतले ‘सातबाऱ्यावर नाव म्हणजे मालकी’ हे वाक्यही लेखात राहून गेले आहे, ते काढा. सातबारा ही महसुली नोंद आहे. मालकी ठरवताना खरेदीखत, वाटणीपत्र, मृत्युपत्र हे दस्त पाहावे लागतात.

नंदुरबार : सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराच्या पत्रकात ‘वाहक’ शब्द आहे. तळोदा-धडगाव भागात वाचून दाखवताना काही हसतात, काही घाबरतात. ‘२५ टक्के शक्यता’ तर कोणाला उमगतच नाही.

हसणाऱ्यांना एसटीचा वाहक आठवतो. बसमध्ये ‘चालक-वाहक’ लिहिलेले असते. घाबरणाऱ्यांना डासासारखा रोग पसरवणारा माणूस दिसतो. दोन्ही अर्थ मराठीत आहेतच, त्यामुळे दोष ऐकणाऱ्यांचा नाही. आधी गोष्ट सांगा, शब्द मागून द्या :

‘काहींच्या रक्तात सिकलसेलचा गुण असतो, पण त्यांना आजार नसतो. हा गुण आई-बापाकडून येतो. शिवल्याने, एका ताटात जेवल्याने किंवा डास चावल्याने लागत नाही. तपासणीच्या कागदावर अशा माणसाला वाहक किंवा एएस लिहितात. आजार असलेल्याला एसएस लिहितात.’

‘वाहक’ पूर्ण काढून टाकता येणार नाही, कारण हातात येणाऱ्या कागदावर तोच असतो.

टक्क्यांऐवजी ‘चारातले एक मूल’ लिहाल तर दुसराच घोळ होईल. लोक ओळीने मोजतात. पहिले आजारी झाले, आता पुढची तीन सुटली. किंवा तीन चांगली, आता चौथ्याची पाळी. दोन्ही खोटे. इथे कळीचा शब्द आहे ‘प्रत्येक खेपेला’. आई-बाप दोघेही वाहक असतील तर प्रत्येक खेपेला बाळ आजारी असण्याची शक्यता चारात एक, वाहक असण्याची चारात दोन, आणि दोन्ही नसण्याची चारात एक. वाचून दाखवताना पिशवीत चार गोट्या ठेवा : एक लाल, दोन पिवळ्या, एक पांढरी. एक काढायची, दाखवायची आणि परत टाकायची. परत टाकणे विसरलात तर तोच चुकीचा हिशेब लोकांच्या डोक्यात बसेल.

‘पॉझिटिव्ह’ या शब्दालाही जपा. पहिली सोल्युबिलिटी चाचणी फक्त गुण आहे की नाही एवढे सांगते; एएस की एसएस ते इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी तपासणीनंतर कळते. पहिल्या चाचणीनंतर पत्रक ‘आजार आढळला’ म्हणाले आणि दुसऱ्यात माणूस नुसता वाहक निघाला, तर पुढच्या वर्षी त्या पाड्यावर रक्त द्यायला कोण येईल? आणि पत्रकाच्या डोक्यावरचे ‘घाबरू नका!’ खोडा. तोवर कोणी घाबरलेले नसते. पावरी, भिलोरी, मावची बोलणाऱ्यांना हे मराठी ऐकवले जाणार आहे, तेव्हा एका वाक्यात एकच गोष्ट ठेवा, म्हणजे सांगणाऱ्याला ती बोलता बोलता आपल्या भाषेत फिरवता येते.

शहादा : महाविद्यालयीन निबंधात ‘तज्ज्ञांच्या मते’, ‘संशोधनातून सिद्ध झाले आहे’ असे लिहितो. सरांनी प्रत्येक ठिकाणी लाल रेघ मारली. ‘कदाचित’ लिहिले तर लेखन कमजोर वाटते. मग काय लिहायचे?

कोणते तज्ज्ञ, ते लिहायचे. नाव सांगता येत नसेल तर ते मत तुमचे किंवा ऐकीव आहे, आणि तसेच लिहिण्यात कमीपणा नाही. ‘सिद्ध झाले’ हा गणितातला शब्द. शेती-आरोग्यात बहुतेक वेळा ‘दिसून आले’ एवढेच खरे असते.

‘कदाचित’ने लेखन कमजोर होत नाही. सगळीकडे ‘कदाचित’ लिहिल्याने होते. मराठीत पायऱ्या आहेत, त्या वापरा : नक्की, बहुधा, शक्य आहे, सांगता येत नाही. दहा विधानांपैकी आठ ‘नक्की’, एक ‘बहुधा’ आणि एक ‘सांगता येत नाही’ असले की वाचक त्या आठांवर निवांत टेकतो. उलट ‘अत्यंत’, ‘प्रचंड’, ‘निःसंशय’ हे शब्द निबंधात शोधून काढा आणि गाळून वाचा. वाक्य लंगडले नाही तर ते शब्द तिथे नकोच होते.

जळगाव : हिवाळ्यात भरीत विकतो. पत्रकावर ‘अस्सल, पारंपरिक, चविष्ट, घरगुती खान्देशी भरीत’ छापले आहे. गिऱ्हाईक फारसे वळत नाही.

हे चार शब्द गल्लीतल्या प्रत्येक पत्रकावर आहेत, त्यामुळे ते कोणी वाचत नाही. तुम्ही काय करता ते लिहा. वांगी कपाशीच्या काड्यांवर भाजता का? बडगीत, म्हणजे लाकडी भांड्यात, मुसळाने ठेचता का? हिरवी मिरची, लसूण, कांद्याची पात, शेंगदाणे यांतले काय घालता? सोबत कळण्याची भाकरी की पुरी? ‘काड्यांवर भाजलेले, बडगीत ठेचलेले’ या चार शब्दांत जळगावकराला धुराचा वास येतो. गॅसवर भाजत असाल तर मात्र काड्यांचे नाव घेऊ नका, पहिल्या घासाला कळते. ‘जळगाव भरीत वांगे’ या नावाला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले आहे. वांगी बाहेरून येत असतील तर ते नावही पत्रकावर नको. अर्धा किलोचा भाव, अर्धा किलो किती जणांना पुरते आणि भरीत किती वाजता तयार असते, एवढे मोठ्या अक्षरांत छापा. फोन नंबर त्याच्या खाली.